लागाझुओई: रोपवेने वर, बोगद्यातून खाली

इटलीतल्या लागाझुओई डोंगरावर येणारे बहुतेक पर्यटक तिथे तास-दीड तास काढतात. फाल्झारेगो खिंडीत गाडी लावायची, रोपवेने वर जायचं, गच्चीत कॉफी प्यायची, मार्मोलादाच्या हिमनदीसोबत फोटो काढायचा आणि पुढच्या केबिनने खाली यायचं. आई-वडील बरोबर असतील, गुडघे कुरकुरत असतील, तर एवढंही भरपूर आहे आणि तिकिटाचे पैसे वसूल होतात. पण ज्याने राजगड, हरिहर, अलंग-मदन केले आहेत, त्याने एवढ्यावर परत येऊ नये. हा डोंगर आतून पोखरलेला आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी खोदलेला ११०० मीटर लांबीचा बोगदा आज पायी उतरता येतो. आल्प्समधल्या डोलोमाइट्स डोंगररांगेत निसर्ग आणि इतिहास एकाच दिवसात बघायचा असेल, तर आमची पहिली शिफारस याच जागेची.

जागा ईशान्य इटलीत, वेनेतो प्रांतात आहे. कोर्तिना दाम्पेत्झो गावातून पश्चिमेकडे जाणारा घाटरस्ता साधारण १७ किलोमीटरवर फाल्झारेगो खिंडीत (२१०५ मीटर) पोहोचतो. रोपवेचं खालचं स्टेशन खिंडीतच आहे. वरच्या स्टेशनजवळ २७५२ मीटरवर रिफुजिओ लागाझुओई हे डोंगरातलं मुक्कामाचं ठिकाण, आणि त्याच्या मागे पंधराएक मिनिटांवर लहान लागाझुओईचा २७७८ मीटरचा माथा, मोठ्या क्रुसासह.

आधी काय घडलं ते थोडं माहीत हवं, नाहीतर बोगदा म्हणजे नुसत्या अंधारातल्या पायऱ्या. मे १९१५ मध्ये इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं. ऑस्ट्रियन सैन्याने कोर्तिना लढाईशिवाय सोडलं आणि ते मागच्या उंच, अवघड रेषेवर जाऊन बसलं. लागाझुओई आणि वालपारोला खिंड ही त्या रेषेतली महत्त्वाची ठाणी. इटालियन तोफा समोरच्या चिंक्वे तोर्री सुळक्यांच्या आडोशाला आल्या. ऑक्टोबर १९१५ मध्ये इटलीच्या आल्पिनी, म्हणजे पहाडी पलटणीच्या एका तुकडीने रातोरात लागाझुओईच्या दक्षिण कड्याच्या मधोमध असलेली एक आडवी कपार बळकावली. तुकडीचा अधिकारी एत्तोरे मार्तिनी, म्हणून त्या कपारीला आजही चेंजा मार्तिनी म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर वर शत्रू, खाली दरी आणि मध्ये कड्याला बिलगलेली माणसं.

तिथून पुढे लढाई डोंगराच्या पोटात शिरली. वरून ऑस्ट्रियनांनी खाली सुरुंग खणले, खालून इटालियनांनी वर. पाच मोठे स्फोट झाले, चार ऑस्ट्रियन बाजूचे आणि एक इटालियन. इटालियनांचा स्फोट २० जून १९१७ चा. त्यासाठी त्यांनी कपारीपासून वरच्या ऑस्ट्रियन ठाण्याच्या बुडापर्यंत चढता बोगदा खणला आणि टोकाशी तब्बल ३३,००० किलो स्फोटकं भरली. माथ्याचा एक तुकडाच उडाला. तरीही आघाडीची रेषा जवळपास जागची हलली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस दूर पूर्वेला कापोरेत्तो इथे इटालियन फळी फुटली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही सगळी ठाणी सोडून सैन्य मैदानाकडे गेलं. दोन वर्षं ज्या कपारीसाठी माणसं मेली, ती एका आठवड्यात रिकामी झाली. बोगद्यात उतरताना ही गोष्ट मनात असली की पायऱ्या मोजाव्याशा वाटत नाहीत.

(इटलीतलं युद्ध म्हटलं की मराठी माणसाला नाईक यशवंत घाडगे आठवतात, म्हणून एक खुलासा. ते दुसरं महायुद्ध. घाडग्यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती जागा मध्य इटलीत, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे, आणि त्यांचं सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उंब्रियातल्या मोंतोने गावात आहे. डोलोमाइट्सशी त्याचा संबंध नाही. दोन्ही बघायचं असेल तर मार्ग वेगळा आखावा लागतो.)

क्रमाबद्दल आमचं मत ठाम आहे: दोन दिवस असतील तर आधी चिंक्वे तोर्री, मग लागाझुओई. कोर्तिना-फाल्झारेगो रस्त्यावरच बाइ दे दोनेस (१८८९ मीटर) इथून खुर्च्यांचा रोपवे रिफुजिओ स्कोयात्तोलीला (२२५५ मीटर) सोडतो. तिथे उतरलं की सुळक्यांच्या पायथ्याशी इटालियन खंदक, तोफांच्या जागा आणि लाकडी झोपड्या दुरुस्त करून जशाच्या तशा उभ्या केल्या आहेत. फिरायला तिकीट नाही, कुलूप नाही. रमतगमत दोन तास पुरतात आणि वाट कुठेही भीतीदायक नाही, सहा-सात वर्षांची मुलं सहज फिरतात. महत्त्वाचं म्हणजे खंदकाच्या भोकातून समोर बघितलं की पूर्ण लागाझुओई एका नजरेत येतो: माथा, कड्याच्या मध्यावरची आडवी रेघ म्हणजे मार्तिनीची कपार, आणि स्फोटांनी खाली कोसळलेल्या दगडांचे फिकट, पंख्यासारखे पसरलेले ढीग. दुर्बीण न्याच. दुसऱ्या दिवशी बोगद्यातल्या खिडकीतून हेच सुळके उलट बाजूने दिसतात तेव्हा कोण कुणावर नेम धरून होता ते न सांगता कळतं. हा क्रम उलटा केला तर चिंक्वे तोर्री नुसतं सुंदर दिसतं, बोलत नाही.

नावाप्रमाणे सुळके पाच म्हणायचे, पण मोजायला गेलं तर लहान-मोठे बरेच. त्यांतला त्रेफोर नावाचा सुळका २००४ मध्ये चक्क आडवा झाला. भेगांत शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं, खडक फोडतं, हे काम इथे रोज चालू आहे. म्हणून सुळक्यांच्या अगदी बुडाशी बसून डबा खाऊ नये, वरती प्रस्तरारोहण करणारे असतात आणि दगड येतात.

आता रोपवे. व्यवस्था चोख. एकच मोठी केबिन वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, मध्ये एकही खांब नाही, सलग तारेवरून साडेसहाशे मीटरची उंची तीनेक मिनिटांत. उंचीची भीती असलेल्याने दरीकडे पाठ करून मध्यभागी उभं राहावं. सकाळी नवाच्या सुमाराची पहिली केबिन धरली तर रांग नसते. साडेदहानंतर बसगाड्या भरभरून येतात आणि ऑगस्टमध्ये पाऊण तास रांगेत जातो. लोक दोन चुका करतात. पहिली, सवयीने परतीचं तिकीट काढतात. बोगद्याने उतरणार असाल तर एकेरीच घ्या. दुसरी, शेवटची केबिन किती वाजता ते बघत नाहीत. ऐन उन्हाळ्यातही ती संध्याकाळी पाचच्या आसपासच असते, बाहेर उजेड रात्री नवापर्यंत असला तरी. चुकली तर दोन तास पायी उतरणं किंवा मिळाली तर वर राहण्याची जागा.

खालच्या स्टेशनवर हेल्मेट आणि डोक्याला बांधायचा दिवा भाड्याने मिळतो. इथून ते घेऊनच वर जायचं. वर पोहोचल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. मोबाइलच्या टॉर्चवर भागवू नये, कारण एक हात भिंतीलगतच्या आधाराच्या तारेवर आणि दुसरा भिंतीवर लागतो, मोबाइल धरायला तिसरा हात नाही. हेल्मेट शोभेचं नाही: छत जागोजाग इतकं खाली येतं की पाच फूट आठ इंचांच्या माणसाचं डोकं हमखास आपटतं. साधे पातळ हातमोजे ठेवा, आधाराची पोलादी तार ओली आणि बर्फासारखी गार असते. जुलैच्या दुपारीही आत थंडी वाजते, म्हणून एक जॅकेट. बूट मात्र चांगल्या पकडीचे. स्पोर्ट्स शूज घालून उतरणारे लोक भरपूर दिसतात आणि घसरणारेही तेच.

वरच्या स्टेशनपासून बोगद्याच्या तोंडापर्यंत वीसेक मिनिटं आहेत. ही वाट धारेवरून, ऑस्ट्रियन खंदकांमधून जाते. थोडा भाग उघडा आहे, तार लावलेली आहे. मग अचानक दगडात एक काळं दार.

आतल्या पायऱ्या म्हणजे दगडात बसवलेली लाकडं. सारख्या उंचीच्या दोन पायऱ्या सापडणार नाहीत: एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी. लाकूड सतत पाझरणाऱ्या पाण्याने बुळबुळीत झालेलं. उतार जिन्यासारखा तीव्र, आणि बोगदा मध्येच वळणं घेतो, त्यामुळे पुढच्या माणसाचा दिवा दिसतो आणि नाहीसा होतो. भिंतीवर हात फिरवला तर बोटं बसतील अशा लांब, सरळ, अर्धगोल खाचा लागतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ड्रिलने भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, उडवायची. खडक फुटून पडला की भोकाचा अर्धा भाग भिंतीवर उरतो. आपल्याकडे गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांच्या भिंतींवर छिन्नीचे तिरके घाव दिसतात, तसंच हे. थोड्याथोड्या अंतरावर बाजूला फाटे फुटतात: कुठे दारूगोळ्याची खोली, कुठे झोपायची, कुठे तोफेची खिडकी. त्या खिडक्यांतून एकदम ऊन आणि वारा आत येतो, डोळे दिपतात. त्यानंतर पुढचं पाऊल टाकायच्या आधी अर्धा मिनिट थांबा, नजर अंधाराला सरावू द्या. पाय मुरगळतात ते बहुधा इथेच.

बोगद्याची उभी उंची २३० मीटर. थांबत, बघत उतरायला तासभर. तळाशी बाहेर पडलात की मार्तिनीची कपार आणि तिथून घसाऱ्यातली नागमोडी वाट खिंडीपर्यंत. एकूण दोन ते अडीच तास धरा, मुलं असतील तर तीन. बाहेर आल्यावरचा पहिला टप्पा अरुंद आहे, एका बाजूला खोल दरी, दुसऱ्या बाजूला तार. सह्याद्रीत आडव्या मारायची सवय असलेल्याला हे सोपं जाईल. दृष्टिभय असलेल्याला किंवा दहा वर्षांखालच्या मुलाला हार्नेस आणि दोन कॅराबिनरची दोरी, म्हणजे तिथल्या बोलीत फेर्राता सेट, लावून न्यावं. कोर्तिनाच्या दुकानांत तो भाड्याने मिळतो. बोगदा खालून वर चढणारेही असतात. चढणं गुडघ्यांना बरं पण दमवणारं, आणि उतरणाऱ्यांच्या लोंढ्याला वाट देत बसावं लागतं. आमचं मत उतरण्याच्याच बाजूने.

काइझरयेगर नावाची दुसरी ऐतिहासिक वाट कड्यावरून, झुलत्या पुलावरून वर येते. ती फेर्राता आहे, म्हणजे कड्यावरच्या पोलादी तारेला स्वतःला अडकवून चढायची वाट, सेट हवाच. पावसानंतर तिच्या नादी लागू नये. आणि ज्यांना अंधार, बंदिस्त जागा सोसत नाही त्यांच्यासाठी फोर्चेल्ला त्रावेनान्झेस खिंडीवरून उतरणारी साधी पायवाट आहे. रुंद आहे, पण घसारा भरपूर.

बोगदा कधी बंद? वरचं तोंड आणि कपार यांवर बर्फ साचलेलं असतं तोवर. साधारण जूनच्या अखेरीपासून सप्टेंबर अखेरपर्यंत वाट मोकळी असते, पण जूनमध्ये रोपवे चालू झाला म्हणजे बोगदाही उघडा असेल असं धरून चालू नका. तिकीट खिडकीवर थेट विचारा. कोवळ्या बर्फापेक्षा सकाळचा गोठलेला कडक बर्फ घातक, त्यावर साधा बूट रोवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुसरं संकट विजांचं. सकाळ लख्ख, बाराला ढग, तीनला गडगडाट, हा नित्यक्रम. पोलादी तार धरून कड्यावर उभं असताना वीज चमकली तर सुटका नाही. म्हणून पहिली केबिन आणि दुपारी साडेबाराच्या आत खिंडीत, हे वेळापत्रक मोडू नये.

पाण्याबद्दल मुद्दाम सांगायला हवं. आपल्या गडांवर कातळात टाकी खोदली की बसाल्ट ते पाणी वर्षभर धरून ठेवतो. डोलोमाइटचा खडक भेगाळ, पाणी गिळतो. माथ्यावर ना टाकं, ना झरा. सैनिक बर्फ वितळवून पीत. आजही वाटेत पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नका, माणशी दीड लिटर बरोबर हवं. आणि हाच भेगाळ, फिकट खडक संध्याकाळी आपला रंग दाखवतो. उन्हाच्या शेवटच्या वीस मिनिटांत समोरची तोफाना दी रोझेस (३२२५ मीटर) आधी पिवळी, मग केशरी, मग विझत्या निखाऱ्यासारखी होते. स्थानिक लादिन भाषेत याला एन्रोसादिरा म्हणतात. शेवटच्या केबिनने उतरलेल्यांना हे दिसत नाही.

त्यासाठीच रिफुजिओत एक रात्र काढावी. बंक असलेल्या सामायिक खोल्या, काही लहान खोल्या, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून दर. आल्ता व्हिया १ हा ब्राइएस ते बेल्लुनो सुमारे १२० किलोमीटरचा प्रसिद्ध ट्रेक इथूनच जातो, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या जागा महिनोन्‌महिने आधी संपतात. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा जास्त चांगला: हवा स्थिर, गर्दी निम्मी. स्वतःची चादरीची पातळ पिशवी, म्हणजे स्लीपिंग लायनर, आणि कानात घालायचे बोळे न्या. एवढ्या उंचीवर गरम पाणी जपून वापरायचं असतं, शॉवरचे पैसे वेगळे मोजावे लागले तर कुरकुर नको. बूट दाराशी काढून चपला घालायच्या, हा नियम सगळ्याच रिफुजिओंत आहे आणि आपल्याला तो शिकवावा लागत नाही.

जेवण दणकट. शाकाहारींसाठी इथला सगळ्यात चांगला पदार्थ कासुन्त्सिएई: बिटाचं सारण भरलेल्या अर्धचंद्राकार पारीवर वितळलेलं लोणी आणि काळी खसखस. करंजीच्या आकाराचे, गुलाबी सारण पारीतून दिसणारे हे पाच-सात तुकडे थंडीत अमृतासारखे लागतात. पारीत अंडं असतं हे ध्यानात ठेवा. पोलेन्ता म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ती मशरूम आणि वितळलेल्या चीजबरोबर मागावी. कानेदेर्ली या पावाच्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा स्पेक, म्हणजे धुरी दिलेलं डुकराचं मांस असतं. ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही, कारण पुष्कळदा स्पेक मांसात धरतच नाहीत. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा स्पेक’ असं दोन्ही म्हणा. सूप भाज्यांचं असलं तरी रस्सा मांसाचा असू शकतो. कडक शाकाहारींनी पार्मेजानो चीजही टाळावं, ते वासराच्या रेनेटवर, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणावर बनतं. शेवटी सफरचंदाचा श्त्रूडेल, त्यात फसवणूक नाही. दर खालच्या गावापेक्षा जास्त आहेत, पण सगळा शिधा तारेवरून वर येतो हे लक्षात घेता वावगे नाहीत.

उणं काय? बोगद्याच्या आत माहितीचे फलक त्रोटक आहेत. कुठली खोली कशाची हे आधी वाचून गेलं नाही तर निम्मं हातचं जातं. भर दुपारी गच्चीवर बसायला खुर्ची मिळत नाही. आणि पायऱ्यांची काही लाकडं बदलायला झाली आहेत, पाय टाकताना चाचपून बघा.

वालपारोला खिंडीतला त्रे सास्सी किल्ला फाल्झारेगोपासून चालत अर्ध्या तासावर आहे. आत युद्धकालीन वस्तूंचं छोटं संग्रहालय. जुलै १९१५ च्या इटालियन तोफमाऱ्यात तो निकामी झाला. आपल्या किल्ल्यांच्या तुलनेत तो एक दगडी पेटी वाटेल, पण गंजलेली फावडी, डबे आणि बुटांच्या तळव्यांचे खिळे बघायला पाऊण तास द्यावा. वेळ कमी असेल तर हेच वगळा, बोगदा नको.

पोहोचायचं कसं: कोर्तिनाला रेल्वे नाही, जुनी लाइन १९६४ मध्ये बंद झाली आणि आता तिथे सायकलवाट आहे. व्हेनिस विमानतळावरून थेट बस सगळ्यात सोयीची. रेल्वेनेच यायचं तर दक्षिणेकडून कालाल्त्सो किंवा उत्तरेकडून दोब्बियाको स्टेशन, पुढे बस. कोर्तिनाहून फाल्झारेगोची बस उन्हाळ्यातच धावते आणि फेऱ्या मोजक्या. परतीची वेळ सकाळीच फोनमध्ये टिपून ठेवा. भाड्याची गाडी घेणार असाल तर भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघायच्या आधी आपल्या आरटीओतूनच काढावा लागतो. खिंडीतली पार्किंगची जागा साडेनऊला भरते.

विमा काढताना डोंगरातली सुटका त्यात धरली आहे का ते वाचा. वेनेतोत इजा झालेली नसताना, नुसतं दमलो किंवा अडकलो म्हणून हेलिकॉप्टर बोलावलं तर बिल येतं आणि ते मोठं असतं. मदतीसाठी क्रमांक ११२. मोबाइलची रेंज माथ्यावर आणि खिंडीत असते, बोगद्यात अजिबात नाही, म्हणून गटात शेवटी चालणारा माणूस अनुभवी ठेवा आणि प्रत्येक फाट्याशी डोकी मोजा.